वीज दीड-दोन दिवस गेल्यास फ्रिजमधील अन्नाचे काय करावे?

मृगाच्या तोंडावर वादळ होऊन गावची वीज दीड-दोन दिवस जाते, तेव्हा फ्रिजमधील दूध, मटण व शिजवलेले अन्न कसे टिकवावे आणि त्यातले काय टाकून द्यावे, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात राहतो आणि घरी दोन म्हशी असल्यामुळे हा प्रश्न दर उन्हाळ्यात आमच्यापुढेही उभा राहतो.

जे करायचे ते आभाळ भरून येण्याआधीच करावे लागते. वैशाख लागला की मी पाण्याच्या सहा-सात बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवून देतो. गोठताना पाणी फुगते, म्हणून त्या गळ्यापर्यंत भरत नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या उष्णतेने एक किलो पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापले असते. त्यामुळे वीज जाताच यातल्या निम्म्या बाटल्या खालच्या कप्प्यात दुधाच्या भांड्याला टेकवून ठेवल्या, तर बराच वेळ मिळतो. वीज लांबणार असे दिसले, तर तालुक्याहून बर्फाची लादी आणून ती बारदानात गुंडाळून कुटारात (भुशात) ठेवावी, मात्र तो बर्फ खाण्यात किंवा सरबतात वापरू नये.

त्यानंतर दार उघडायचे नाही, आणि खरे सांगायचे तर घरात पोरे असताना सगळ्यात अवघड काम हेच आहे. दार बंद राहिल्यास फ्रिजमधील अन्न साधारण ४ तास सुरक्षित राहते. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास व अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो असे सांगतात, पण तो हिशोब वेगळ्या, मोठ्या फ्रीझरचा आहे; एका दाराच्या फ्रिजमधील लहानशा कप्प्याला आणि टिनाखाली तापलेल्या आपल्या स्वयंपाकघराला तो लावू नये.

अन्न ५ अंशांच्या वर गेल्यापासून २ तासांत आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर १ तासातच मटण, मासळी, वरण, भात व रस्सा यांचा भरवसा संपतो. वास घेऊन ठरवू नये. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्रीचा भात सकाळी चांगला दिसला म्हणून आम्ही तो फोडणी देऊन खाल्ला आणि दुपारपर्यंत घरातले तिघे ओकून बेजार झाले. भातातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि उबेत वाढून ते जे विष तयार करतात, ते पुन्हा उकळल्यानेही जात नाही. म्हणून मटण थंड आहे तोवरच शिजवून त्याच जेवणात संपवावे. शिजवून ठेवणे म्हणजे टिकवणे नव्हे.

दुधाचे तसे नाही. ताजे दूध आम्ही दर चार-पाच तासांनी उकळतो, उरलेल्याला लगेच विरजण लावतो, कारण आंबटपणामुळे दही दुधापेक्षा जास्त टिकते. पुढे ताक, लोणी आणि तूप, आणि तुपाला फ्रिज लागतच नाही. वांगी, टमाटर, कांदे बाहेरच राहू द्यावेत. सांबार (कोथिंबीर) व पालक ओल्या सुती फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवले की दिवसभर तजेलदार राहतात. ही युक्ती वैशाखाच्या कोरड्या हवेत चालते; श्रावणातल्या दमट हवेत फडके वाळतच नाही, मग गारवा कुठून येणार?

लग्नाला वगैरे बाहेरगावी जाताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे तळाशी गोठलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ पूर्ण वितळून पुन्हा जमला, असे समजून फ्रीझरमधील मटण टाकून द्यावे. वीज आल्यावर मटणात अजून बर्फाचे कण असतील, तर ते पुन्हा गोठवता येते. फ्रिज मात्र वीज येताक्षणी सुरू करू नये. विजेचा दाब स्थिर होईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबावे, नाहीतर कॉम्प्रेसर जळण्याची भीती असते.