२५ मीटरवरची नंबरप्लेट

प्रिय लेकी,

सहायक मोटार वाहन निरीक्षक म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं तुझ्या बाबांनी कळवलं, फार बरं वाटलं. दोनच दिवसांनी तुझा प्रश्न आला. एकदा लायसन्स मिळालेल्या माणसाची ठरावीक वर्षांनी पुन्हा टेस्ट घ्यावी का? ३१ वर्षं याच खात्यात काढलेल्या माणसाला तू हे विचारते आहेस, तेव्हा पत्र लांबेल. घ्यावी, असं माझं मत आहे. पण कशाची टेस्ट, ते आधी बघू.

नियम तुला पाठ असतील. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं, पुढे दहा-दहा वर्षं, पंचावन्न ओलांडली की पाच-पाच. आता मोटार वाहन कायद्याचं कलम १५ पुन्हा एकदा सावकाश वाच. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर टेस्ट पुन्हा द्यावी लागते. वेळेत अर्ज केला तर लागत नाही. म्हणजे वीस वर्षं रोज नीट गाडी चालवणारा एखादा आजारपणात तारीख विसरला, तर त्याला आपण परत टेस्टच्या ट्रॅकवर उभं करतो. आणि लायसन्स काढल्यापासून ज्यानं स्टिअरिंगला हात लावलेला नाही, तो वेळेवर फी भरून नवं कार्ड घेऊन जातो. पुन्हा टेस्ट घेणं कायद्याला मान्यच आहे, पण ती कुणाची घ्यायची हे तो तारीख बघून ठरवतो. नोकरीत असताना मला हे कधी खटकलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

खटकलं ते माझ्यावरच वेळ आली तेव्हा. पासष्टाव्या वर्षी लायसन्सचं नूतनीकरण केलं. चाळिशीनंतर लागतं तसं नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र घेतलं. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला लावली, सही केली. त्याच वर्षी जानेवारीत तुझ्या काकूला घेऊन फलटणहून रात्री परत येत होतो. उसाचा हंगाम. समोरून येणाऱ्या गाडीचे हेडलाइट डोळ्यांवर आले आणि काही क्षण सगळं पांढरं झालं. ते ओसरलं तेव्हा पुढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. गाडी साइडपट्टीच्या मातीत उतरवून थांबवली. घरी पोहोचेपर्यंत काकू एक शब्द बोलली नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दिवसा मला कसलीच अडचण नव्हती. नमुना १-अ मधला प्रश्न तुला आठवेल : चांगल्या उजेडात २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? येत होती. डॉक्टरांची सही खोटी नव्हती. रात्री, समोरून दिवे येत असताना काय दिसतं, हे त्या कागदावर कुणी विचारतच नाही. असे हजारो कागद मी स्वतः तपासून पुढे पाठवले आहेत.

म्हणून पहिली मागणी नजरेची. चाळिशीनंतरच्या प्रत्येक नूतनीकरणाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी हवी, आणि तीत अंधारातली नजर आणि दिव्याची तिरीप आली पाहिजे.

इथे एक सांभाळ. एकदा हायवेवर ट्रकचालकांसाठी नेत्रतपासणी शिबिर होतं. रांगेतला एक पन्नाशीचा ड्रायव्हर पुढचा माणूस वाचत होता ती अक्षरं ऐकून ओठांतल्या ओठांत पाठ करत होता. मी बाजूला घेतलं तर म्हणाला, "साहेब, चष्मा लागला हे मालकाला कळलं तर गाडी काढून घेईल." त्याला साधा चष्मा हवा होता, एवढंच. टेस्ट म्हणजे पोटावर पाय, असं वाटलं की माणूस आजार लपवतो, आणि मग तो आंधळेपणानं गाडी हाकतो. नापास झालेल्याला उपचार, थोडा सराव आणि दुसरी संधी मिळणार असेल, तरच तो तुझ्यासमोर खरं बोलेल.

सगळ्यांना दर पाच वर्षांनी ट्रॅकवर गाडीनं आठचा आकडा काढायला लावा, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर नोंदले गेले. समृद्धीवर १२० ची मर्यादा मोडणारा ट्रॅकवर अगदी शहाण्यासारखा वागतो. त्याला गाडी येते. त्याची टेस्ट त्याच्या चलनांनी आधीच घेतलेली असते. लायसन्स निलंबित झालं तर उजळणी प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय ते परत द्यायचं नाही, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९ मध्ये आणली. ती मनापासून राबव. जपानचं मला पटतं. तिथे पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाला स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी असते, आणि २०२२ पासून, ज्यांच्या नावावर ठरावीक गंभीर चुका आहेत अशा वृद्धांना प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. ज्याच्याबद्दल शंका घ्यायला कारण आहे, त्यालाच बोलवायचं.

आणि हे सगळं तुझ्या ट्रॅकवर येऊन थांबतं. पहिलीच टेस्ट दोन मिनिटांत उरकत असेल, तर दुसरी म्हणजे एजंटच्या फायलीत आणखी एक कागद. सकाळी रांग मोठी असेल, उन्हं चढतील, वरून फोन येतील. तरी शक्य तिथे खुर्चीतून उठ आणि उमेदवाराच्या शेजारी बस. वळायच्या आधी मान फिरवतो का, आरसा बघतो का, समोरून म्हातारी रस्ता ओलांडत असेल तर त्याचा पाय कुठे जातो, हे शेजारी बसल्याशिवाय दिसत नाही. नापास करशील तेव्हा काय चुकलं ते नीट समजावून सांग, म्हणजे पुढच्या वेळी तो शिकून येईल.

माझं लायसन्स पुढच्या वर्षी, सत्तरीला संपतंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दिसतं छान. पण दिसणं वेगळं आणि वेळेवर ब्रेकवर पाय जाणं वेगळं. दिवाळीत येशील तेव्हा एक संध्याकाळ मोकळी ठेव. अंधार पडल्यावर सासवडच्या रस्त्यानं मी गाडी काढीन, तू शेजारी बस. काकूला मागे बसवू. परत आल्यावर जे वाटेल ते तिच्यासमोर सांग. नको चालवू म्हणालीस तर किल्ली त्याच रात्री तुझ्या हातात देईन.

अनेक आशीर्वाद.

तुझा,
काका