ठेव मोडून चांदीची प्रूफ नाणी घ्यावीत का?

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारलं आहे: ओळखीच्या संग्राहकाच्या घरून 42 जुनी चांदीची 'प्रूफ' (संग्राहकांसाठी खास चकचकीत ठोकलेली) नाणी एकगठ्ठा 4 लाखांना मिळत आहेत. बँकेतल्या 11 लाखांच्या ठेवीतून तेवढे पैसे काढावेत का? दोन वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगची फी सुरू होणार आहे.

माझं उत्तर: ठेव मोडू नका. नाण्यांची आवड असेल तर त्यातली निवडक चार-पाच घ्या, तीही वेगळ्या पैशातून.

आधी चांदी मोजू. तुमच्या यादीत 1969 ची गांधी शताब्दीची दहा रुपयांची 12 नाणी आहेत. वजन 15 ग्रॅम, चांदी 80 टक्के, म्हणजे नाण्यामागे 12 ग्रॅम शुद्ध चांदी. 1972 ची स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाची दहाची 10 आहेत. ती 22.5 ग्रॅमची असली तरी चांदी निम्मीच, म्हणजे 11.25 ग्रॅम. 1981-82 ची शंभर रुपयांची 20 नाणी 35 ग्रॅमची, त्यातही अर्धीच चांदी. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. एकूण शुद्ध चांदी 606.5 ग्रॅम. 4 लाखांना भागलं तर ग्रॅममागे सुमारे 660 रुपये पडतात. त्या दिवशीचा सराफ बाजाराचा भाव काढा. त्याच्या वरची सगळी रक्कम तुम्ही केवळ दुर्मिळतेसाठी मोजता आहात.

शिवाय चांदीचा तो भावही हक्काचा धरू नका. नाणेनिर्मिती कायदा 2011 नुसार सरकारी नाणं वितळवायला मनाई आहे, स्मारक नाणंसुद्धा. त्यामुळे रविवार पेठेतला सराफ तुकड्याच्या चांदीसारखा पूर्ण भाव देईल ही अपेक्षा चुकीची. गिऱ्हाईक संग्राहकच हवा, आणि तो सवडीने, नाणं पारखून घेतो.

आता दुर्मिळतेकडे. 1969 चं गांधी नाणं चलनासाठीही निघालं होतं आणि घरोघरी जपून ठेवलं गेलं. साधं नाणं दुर्मिळ नाही. प्रूफ वेगळं: पॉलिश केलेल्या ठशाने, चकचकीत चकतीवर एकापेक्षा जास्त वेळा ठोकलेलं. मोकळी जागा आरशासारखी, चित्र पांढरट दुधाळ. त्या काळच्या मुंबई टाकसाळीच्या प्रूफवर इंग्रजी 'बी' हे अक्षर असतं (1996 पासून 'एम'). भिंगातून ते आधी शोधा. साधं नाणं पॉलिश करून प्रूफ म्हणून खपवणं सर्रास चालतं. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवा. एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या तर ते पुसलेलं आहे, आणि पुसलेल्या प्रूफला जाणता संग्राहक निम्मा भावही द्यायला तयार होत नाही. मूळ पेटीत असलेलं नाणंही बाहेर काढून पाहा, कारण पेटी मूळची आणि आतलं नाणं दुसरं, असंही घडतं.

साठवणीचा खर्चही हिशोबात धरा. पुण्याच्या पावसाळ्यात तांबं मिसळलेल्या चांदीवर हिरवट डाग लवकर चढतात. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून चिकट हिरवा थर येतो आणि नाण्याची आरशी जागा कायमची जाते. हवाबंद अ‍ॅक्रिलिक कॅप्सूल, सिलिका जेल आणि कडेने धरण्याची शिस्त हवी. रबरबँड, लोकर आणि पुठ्ठा जवळही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. लॉकरमध्ये चोरी किंवा आग झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. घरविम्यात नाणी वेगळी नोंदवल्याशिवाय बहुधा धरली जात नाहीत.

कराचं थोडक्यात: 24 महिन्यांनंतर विकून झालेल्या नफ्यावर 12.5 टक्के, महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरण्याची सवलत नाही. खरेदीची पावती नसेल तर खरेदी किंमत सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून ओळखीच्या घरून घेतानाही प्रत्येक नाण्याचं वर्ष, प्रकार आणि रक्कम लिहिलेला सहीचा कागद घ्या, पैसे बँकेतून द्या.

मुदतीआधी ठेव मोडली तर व्याजदर उतरतो आणि वर दंड. दोन वर्षांनी फी भरायच्या महिन्यात ही नाणी योग्य भावात विकली जातील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. तुम्हाला खरंच चांदी हवी असेल तर सिल्व्हर ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा चांदीचा फंड) घ्या. 99.9 टक्के शुद्धता, बाजाराच्या वेळेत विकता येतं, डागांची काळजी नाही. चांदी खाली-वर होतेच, म्हणून फीच्या पैशातून तेही नको.

नाण्यांसाठी 40 हजारांची मर्यादा घाला आणि गठ्ठ्यातून निवडून घ्यायची परवानगी मागा. आधी कॉइनेक्स पुणे प्रदर्शनात एकदा फिरून या, तिथे तीच नाणी दोन-तीन टेबलांवर विचारलीत की विकत घेण्याचा आणि विकण्याचा भाव कळतो. संग्राहकाच्या घरची मंडळी निवडून द्यायला तयार नसतील, तर व्यवहार सोडा.