मेलबर्नला दोन लहान मुलं घेऊन येताय? पाळणाघराचा हिशेब आधी मांडा

तुम्ही लिहिलंय की १९० व्हिसा (राज्याच्या शिफारशीने मिळणारा, कायमच्या वास्तव्याचा) हातात आलाय, मोठी मुलगी चार वर्षांची आहे आणि धाकटा दीड वर्षाचा. मिस्टरांना लगेच त्यांच्या क्षेत्रातली नोकरी मिळेल याची खात्री नाही, त्यामुळे पहिले काही महिने दोघांनी मिळेल ते काम धरायची तयारी आहे. पण इथल्या पाळणाघरांचे दर ऐकून तुम्ही घाबरलात. सरकार खरंच मदत करतं का, की वर्षभर तुम्ही घरीच थांबावं, की सासूबाईंना बोलवून घ्यावं, असं तुम्ही विचारलंत.

घरी थांबू नका. मदत खरी आहे, भरपूर आहे, आणि कमी कमाईच्या घराला सगळ्यात जास्त मिळते. ती चुकते ती कागदपत्रांमुळे, आणि त्यातली निम्मी कागदपत्रं तुम्हाला तिकडूनच तयार करून आणायची आहेत.

या मदतीचं नाव चाइल्ड केअर सबसिडी, सगळे सीसीएस म्हणतात. ती केंद्र सरकारची, सेंटरलिंक या सरकारी मदत देणाऱ्या खात्यामार्फत मिळते. पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, थेट पाळणाघराला जातात आणि तुमच्या बिलातून तेवढे वजा होतात. टक्केवारी कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नावर ठरते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात दोघांचं मिळून उत्पन्न ८५,२७९ डॉलरपर्यंत असेल तर ९० टक्के. त्यापुढे दर पाच हजार डॉलरला एक टक्का कमी. म्हणजे उद्या मिस्टरांना चांगली नोकरी लागून घरात १,२०,००० येऊ लागले, तरी सुमारे ८३ टक्के मिळतच राहतात. पगार वाढला की सगळं एका फटक्यात बंद, असं इथे होत नाही. ही भीती बऱ्याच जणींना असते आणि त्यापायी त्या जास्तीचे तास नाकारतात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

आता तुमचाच हिशेब करू. १ जुलै २०२५पासून किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे. मिस्टरांनी आठवड्याला ३८ तास आणि तुम्ही २० तास याच दराने काम केलंत तर वर्षाचे साधारण ७५ हजार होतात, म्हणजे तुम्ही ९० टक्क्यांत बसता. समजा पाळणाघराचा दर दिवसाला १५० डॉलर आणि सत्र ११ तासांचं. सबसिडी नसती तर दोन मुलांचे आठवड्यातून तीन दिवसांचे ९०० डॉलर झाले असते, आणि तुमची २० तासांची कमाई आहे कर धरून ५०० च्या आत. मग घरी बसणंच शहाणपणाचं ठरलं असतं. आता सबसिडी धरा. मोठीच्या १५० मधले १३५ सरकार देणार. धाकट्यासाठी दर आणखी चांगला आहे: पाच वर्षांची किंवा त्याहून लहान दोन मुलं पाळणाघरात असतील तर धाकट्याला ३० टक्के जास्त, पण एकूण ९५च्या वर नाही. म्हणजे त्याचे ९५ टक्के. सेंटरलिंक दर वेळी सबसिडीतले पाच टक्के मागे ठेवतं (ते का, ते पुढे सांगते). तेही धरले तर मोठीचे दिवसाला २१.७५ आणि धाकट्याचे साधारण १४.६०. तीन दिवसांचे दोघांचे मिळून सुमारे १०९ डॉलर. नऊशेच्या जागी एकशे नऊ. धाकट्याचा हा वाढीव दर मोठी सहा वर्षांची होईपर्यंतच, तेवढं लक्षात असू द्या.

तास किती मिळतात, याबद्दल जुने सल्ले आता विसरा. पूर्वी दोघांपैकी ज्याचं काम कमी, त्याच्या तासांवर सगळं ठरायचं, आणि नोकरी शोधणाऱ्या नवख्या कुटुंबाची फार ओढाताण व्हायची. ५ जानेवारी २०२६पासून सीसीएसला पात्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला दर पंधरवड्याला प्रत्येक मुलामागे किमान ७२ तास मिळतात, काम असो वा नसो. म्हणजे आठवड्याचे तीन दिवस. दोघंही पंधरवड्याला ४८ तासांहून जास्त काम, शिक्षण किंवा प्रशिक्षण करत असाल तर १०० तास. नव्याने येणाऱ्यांसाठी याहून मोठा बदल गेल्या कित्येक वर्षांत झालेला नाही. मुलाखतीला जायला, ड्रायव्हिंग शिकायला, एखादा छोटा कोर्स करायला तीन दिवस मोकळे मिळतात, तेही नोकरी लागायच्या आधी.

व्हिसाबद्दल तुम्ही नशीबवान आहात. १९० आणि १८९ हे कायमच्या वास्तव्याचे व्हिसा आहेत, त्यांना सीसीएस पहिल्या दिवसापासून लागू. बाकीच्या सरकारी मदतींना नवागतांसाठी थांबण्याचा काळ असतो: मुलांच्या खर्चासाठी मिळणाऱ्या फॅमिली टॅक्स बेनिफिटच्या ‘ए’ भागाला एक वर्ष, बेकारांच्या जॉबसीकर भत्त्याला चार वर्षं. सीसीएसला तसा काळ नाही. म्हणून कोणी ‘पहिली चार वर्षं सरकार काही देत नाही’ म्हणालं तर ते अर्धंच खरं आहे. पण तुमच्या ओळखीत कोणी ४८२ व्हिसावर, म्हणजे कंपनीने नोकरीसाठी बोलावलेल्या तात्पुरत्या व्हिसावर, येत असेल तर त्यांना हा हिशेब लागू पडत नाही. त्यांना सीसीएस मिळत नाही, पूर्ण दर भरावा लागतो.

आता ज्यावर सगळ्यांचं घोडं अडतं ते: लसी.

२०१६च्या जानेवारीपासून नियम असा आहे की मुलाच्या लसी ऑस्ट्रेलियाच्या वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण नसतील तर पाळणाघरासाठीची सरकारी मदत नाही. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, त्याच वर्षापासून राज्याचा वेगळा कायदाही आहे. लसींचा अधिकृत दाखला नसेल तर पाळणाघर किंवा किंडर (शाळेआधीचा बालवर्ग) प्रवेशच पक्का करू शकत नाही. हा दाखला म्हणजे ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरवरचा उतारा. आपल्याकडचं कार्ड कितीही पूर्ण भरलेलं असो, ते त्या रजिस्टरवर चढेपर्यंत इथे त्याला किंमत नाही. चढवायचं काम इथला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, किंवा कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, लसीकरण केंद्र करतं.

आणि कार्ड पूर्ण असलं तरी दोन्ही वेळापत्रकं जुळत नाहीत. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला, म्हणजे एमआर, नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि मग दीड वर्षाच्या आसपास देतात. इथे एमएमआर लागते, गालगुंडासकट, आणि ती वर्षाची झाल्यावरच. नऊ महिन्यांचा डोस इथे धरत नाहीत. शिवाय कांजिण्यांची आणि वर्षाच्या मुलांना देतात ती मेनिंगोकोकलची लस आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात नाही. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे घेतली असेल तरच कार्डावर असते. घाबरू नका, राहिलेल्या लसी इथे मुलांना फुकट देतात, आणि त्या घेऊन होईपर्यंत सीसीएससाठी ६३ दिवसांची सवलत असते. तुम्ही निघण्याआधी एवढं करा: बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्येक लसीचं नाव, तारीख आणि शिक्का असलेली यादी इंग्रजीत लेटरहेडवर लिहून घ्या. कार्डावर नुसती बरोबरची खूण असते, तारीख पुसलेली असते, ‘बूस्टर’ एवढंच खरडलेलं असतं. अशी नोंद इथली नर्स चढवू शकत नाही, मग तीच लस पुन्हा टोचावी लागते. दीड वर्षाच्या लेकराला विनाकारण पुन्हा सुया कशाला! कार्डाचं मराठीतलं पानही बरोबर असू द्या. कायमच्या व्हिसाधारकांना व्हिसा मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत दहा वैयक्तिक कागदपत्रं सरकार फुकट भाषांतरित करून देतं.

इथे उतरलात की त्याच आठवड्यात बँक खातं, दोघांचे टॅक्स फाइल नंबर, मेडिकेअर (सरकारी आरोग्य योजना) आणि मायगव्हचं (सरकारी कामांच्या वेबसाइटचं) खातं उघडा. मग सेंटरलिंककडे ओळख पटवून सीआरएन नावाचा क्रमांक घ्या. तो पालकाला एक आणि प्रत्येक मुलाला वेगळा. इथे एक बारीक गोष्ट आहे: ज्या पालकाने सीसीएसचा अर्ज केलाय त्याच्याच नावाने पाळणाघरात नोंदणी हवी. अर्ज तुमचा आणि पाळणाघराच्या फॉर्मवर मिस्टरांचं नाव, असं झालं की संगणक दोघांना जोडत नाही आणि बिल पूर्ण येतं. नोंदणीनंतर मायगव्हवर ती ‘कन्फर्म’ करायची एक पायरी येते, तीही लगेच करा. अर्ज मागच्या २८ दिवसांपर्यंतच लागू होतो, त्यामुळे मूल जायला लागण्याआधीच तो भरलेला बरा. पहिलं बिल आलं की तीन आकडे बघा: दर, सीसीएस, आणि ‘गॅप’, म्हणजे तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. सीसीएसच्या ओळीत शून्य दिसलं तर पुढच्या बिलाची वाट न बघता त्याच दिवशी विचारा. एखादी गोष्ट अडकली असेल तर नंतर सुटते, पण तोवर पदरचे पैसे भरत राहावं लागतं, आणि नव्याने आलेल्या घराकडे तेवढी गंगाजळी नसते.

उत्पन्नाचा अंदाज तुम्हीच द्यायचा असतो, १ जुलै ते ३० जून या वर्षाचा. वर्षाच्या मध्ये येत असाल तर त्या जुलैपासून भारतात मिळालेला पगारही त्यात धरा. वर्ष संपल्यावर दोघांची टॅक्स रिटर्न भरली की सेंटरलिंक ताळा करतं. मागे ठेवलेले ते पाच टक्के याचसाठी: अंदाज बरोबर ठरला तर ते परत मिळतात, उत्पन्न जास्त निघालं तर त्यातून वळते होतात आणि उरलेलं तुमच्या नावे कर्ज पडतं. म्हणून अंदाज किंचित चढाच द्या, आणि कोणाला चांगली नोकरी लागली की त्याच आठवड्यात आकडा बदला. रिटर्न पुढच्या ३० जूनच्या आत भरायचीच.

पाळणाघर निवडताना नुसता दिवसाचा दर विचारू नका, सत्र किती तासांचं ते विचारा. सरकार टक्केवारी मोजतं ती तासाच्या ठरावीक कमाल दरावर. लाँग डे केअरला, म्हणजे दिवसभराच्या पाळणाघराला, २०२५-२६ साठी ती मर्यादा १४.६३ डॉलर आहे. १६० डॉलर आणि दहा तासांचं सत्र असेल तर तासाला १६ पडतात, आणि मर्यादेच्या वरचे १.३७ दर तासाला पूर्णपणे तुमचे. फॅमिली डे केअर हाही चांगला पर्याय आहे: नोंदणीकृत शिक्षिका स्वतःच्या घरी मोजक्या मुलांना सांभाळते, आणि धाकट्यासारख्या बुजऱ्या वयाला ते मानवतं. ओळखीतल्या कोणी रोख पैसे घेऊन घरी सांभाळते म्हणाल्या तर त्या कितीही मायाळू असोत, त्यावर सीसीएस मिळत नाही. बहुतेक ठिकाणी दाणे आणि सुकामेवा आणायला बंदी असते, म्हणजे डब्यात शेंगदाण्याचं कूट घातलेलं काही चालायचं नाही. शाकाहारी आहोत, अंडं चालत नाही, हे मात्र लिहून दिलं की नीट पाळतात. मूल आजारी पडलं तरी त्या दिवसाचे पैसे लागतात, पण वर्षाला ४२ गैरहजर दिवसांवर सबसिडी चालू राहते.

मोठीसाठी वेगळी सोय आहे. व्हिक्टोरियात फ्री किंडर आहे, तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी, कुठल्याही व्हिसावर. चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला १५ तास. स्वतंत्र किंडरमध्ये ते पूर्ण फुकट, पण वेळ शाळेसारखी तुटक, त्यामुळे दोघं कामावर असाल तर आणण्या-सोडण्याची कसरत होते. लाँग डे केअरमध्येच किंडर घेतलं तर दरात सूट मिळते आणि मूल दिवसभर एकाच जागी राहतं. दोघांना एकाच छपराखाली ठेवता येत असेल तर पहिलं वर्ष तेच करा.

सासूबाईंना बोलवा, पण नातवंडांना भेटायला, पाळणाघराच्या जागी नको. व्हिजिटर व्हिसाला मुदत असते, त्यावर मेडिकेअर मिळत नाही, आणि गाडी चालवता न येणारं वयस्कर माणूस उपनगरात दोन मुलांना घेऊन दिवसभर एकटं पडतं. त्या परत गेल्या की मुलांना आणि तुम्हाला सगळं पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीचे दीड-दोन महिने, मुलं रडत रडत रुळत असताना, त्यांची खरी मदत होईल. तेव्हाही पाळणाघरातली जागा सोडू नका. दोन वर्षांखालच्या मुलांच्या जागा लवकर भरतात, म्हणून धाकट्याचं नाव आताच, तिकडे असतानाच, चार-पाच ठिकाणी प्रतीक्षा यादीत घालून ठेवा. ईमेलवर घेतात.

मोठीची जन्मतारीख ३० एप्रिलच्या आधीची आहे की नंतरची, तेवढं कळवा. किंडरचं वर्ष त्यावर ठरतं, आणि त्याप्रमाणे तुम्ही कोणत्या महिन्यात आलेलं बरं ते सांगता येईल.