तुम्ही विचारता: मनातली कटुता जात नाही. ख्रिस्ती माणसाने क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आपल्या इंदूरकडचंच बघा. २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननला चाकूने भोसकून मारलं. २००२मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. गुन्हा काही पुसला गेला नाही. सूड तेवढा देवावर सोपवला.

मी दिरांशी चार वर्षं अबोला धरला होता. रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना करायला बसले की त्यांचं नावच घशात अडकायचं. येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला, ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करायला सांगितलं ते यासाठीच असावं: तोच घाव, रोज नव्याने क्षमा. तुम्हीही आज प्रार्थनेत फक्त त्या माणसाचं नाव घ्या. समेटाचं नंतर बघू.