दादा थेट बोलंनाच!

प्रश्न : आमचं लातूरकडं एकत्र कुटुंब. भाऊ आता वेगळे निघायलेत, तर हक्कसोडपत्रावर (जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद) सही कर म्हणून वहिनीकडून निरोप आलाय. दादा स्वतः बोलंना, काय करू?

उत्तर : ताई, एकत्र घरात हे असंच चालतं, लेकाचं बापाशी बोलणं आईमार्फत, भावाचं बहिणीशी वहिनीमार्फत, अन् मधल्या माणसाच्या तोंडून आलेला निरोप मूळ बोलण्यापेक्षा जास्त टोचतो. वहिनीवर चिडू नका. वेळ अमावस्येला, आपल्याकडच्या शेतातल्या सणाला, सगळे शेतात जमतेलच, आंबील-भज्जीचं जेवण झालं की दादाला बाजूला घेऊन सरळ विचारा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा मुलाइतकाच हक्क आहे, सोडायचा का नाही ते तुम्हीच ठरवा. तोवर कुठल्याच कागदावर सही नको, नोंदणी झाली की माघार लई अवघड.