पावाचा पायाशी काय संबंध?

प्रश्न आला आहे तो असा. घरी रविवारी पावभाजी होती आणि ताटावर वाद पेटला. सासरे म्हणाले, पूर्वी मोठ्या रोटीचे चार भाग करून विकायचे, चौथा हिस्सा म्हणून तो पाव. नवरा म्हणाला, छे, कणीक पायानं तुडवतात म्हणून पाव. यातलं खरं कोणाचं? शिवाय दोन जोडप्रश्न आहेत: ब्रेडला पाव म्हटलेलं चालेल का, आणि हल्ली मिळणाऱ्या सावरडोला, म्हणजे राखून ठेवलेल्या आंबलेल्या पिठावर फुगवलेल्या पावाला, मराठीत काय म्हणावं?

दोघांनाही नापास करावं लागतंय, पण आधी नवऱ्याकडे वळू, कारण त्यांची कथा माझ्याही घरातली आहे. माझी आजी बेकरीचा पाव स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. ‘पायानं तुडवतात मेले,’ एवढं एकच वाक्य, त्यावर अपील नाही. घरात कोणी तापानं आडवं झालं की मात्र तोच पाव दुधात कुस्करून वाटीत यायचा, आणि ती वाटी वेगळी घासली जायची. तेव्हा ही समजूत किती पक्की होती हे मला माहीत आहे. पण आजीचं सोवळं निराळं आणि व्युत्पत्ती निराळी. पायाला ‘पाँव’ म्हणतात हिंदीत. आपल्याकडे तो पाय. तुडवण्यावरून नाव पडलं असतं तर आज गाडीवर आपण वडापाय मागितला असता.

सासऱ्यांचं म्हणणं जास्त भारदस्त वाटतं, कारण चौथ्या हिश्शाचा पाव मराठीत खरोखरच आहे. पावशेर, पाव किलो, पाव चमचा हळद. बेकरीत उभं राहून ‘पाव किलो खारी आणि एक लादी पाव’ असं आपण एका दमात म्हणतो, तेव्हा दोन्ही पाव शेजारी शेजारी येतात आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. हा हिश्शाचा पाव संस्कृत ‘पाद’वरून आला, श्लोकाचे चार पाद असतात तोच. आणि गंमत पाहा, आपला पायही त्याच पादातून निघाला. म्हणजे सासरे आणि जावई, नाही, वडील आणि मुलगा, इतका वेळ एकाच शब्दाच्या दोन टोकांना धरून ओढत होते. फक्त तो शब्द ताटातला नव्हता.

ताटातला पाव पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत त्याचा उच्चार साधारण ‘पांउ’ असा होतो, शेवट नाकातून. त्याच्या मागे लॅटिनमधला ‘पानिस’. नाकातला तो शेवट मराठीनं आपल्या सोयीनं ‘आव’ करून घेतला. हे एकाच शब्दाच्या बाबतीत घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं, पण तसं नाही. पोर्तुगीज ‘लेइलांउ’चा मराठीत लिलाव झाला. ‘क्रिश्तांउ’चा किरिस्ताव झाला; कोकणीत तर अजून ‘किरिस्तांव’ असा अनुस्वार शाबूत आहे. पाव, लिलाव, किरिस्ताव: तिघांची शेपूट एकच आहे. मला स्वतःला हा पुरावा बाकी सगळ्यांपेक्षा आवडतो, कारण तो कोणाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

नकाशा बघितलात तरी तेच दिसेल. जपानी माणूस पावाला ‘पान’ म्हणतो, सिंहलीतही ‘पान्’च. दोन्हीकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीज पोचले होते. पावशेर काही नागासाकीला गेला नव्हता. बंगाली ‘पाउरुटी’ आणि हिंदी ‘पावरोटी’ म्हणजे तर शब्दशः रोटीरोटी, आपल्या पिवळ्या पीतांबरासारखी. आपल्याकडे गोवा 1510 पासून आणि वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, तेव्हा शब्दाला दूरवरून यायची गरजच नव्हती. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलेला गाव बाटला, अशा गोष्टी कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्यातला तपशील किती खरा ते बाजूला ठेवा, पण विहिरीत कोणी कधी भाकरी टाकत नाही, पावच टाकतो. पाव कोणाचा, हे गोष्ट सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

आता ब्रेड. ‘पाव संपले होते म्हणून ब्रेड आणला.’ हे वाक्य कुठल्याही मराठी घरात कोणीही बोलेल, आणि ते इंग्रजीत करून दाखवा म्हटलं तर भलेभले अडतील. शब्दकोशात दोन्हींचा अर्थ एक असेल, बोलण्यात नाही. पाव म्हणजे फुगीर, हातानं तुटणारा, लादीतून सोडवलेला. ब्रेड म्हणजे चौकोनी, यंत्रानं कापलेला, वेष्टनात गुंडाळलेला. पहिला पोर्तुगिजांकडून आला, दुसरा इंग्रजांकडून, आणि आपण दोन्ही ठेवून घेतले. म्हणून ब्रेडला पाव म्हणणं चूक नसलं तरी दुकानदार तुम्हाला हवी ती वस्तू देणार नाही.

दोघांपैकी कोण किती मुरलंय हे ओळखायची एक सोपी खूण आहे, ती म्हणजे सामान्यरूप. आपण म्हणतो ‘पावाला लोणी लाव’, ‘पावाचा तुकडा’. पण ‘ब्रेडाला जॅम’ म्हटलं तर पोरं हसतील, तिथं ‘ब्रेडला’च. पावाला आपण घोडा-बैलाच्या रांगेत नेऊन बसवलंय, ब्रेड अजून पाहुणा. बिस्किट बिचारं उंबरठ्यावर आहे: ‘बिस्किटाचा पुडा’ही ऐकू येतो, ‘बिस्किटचा’ही. आणि वडापावाच्या बाबतीत मुरलेला पावच पुन्हा परका होतो. ‘वडापावची गाडी’ हेच सर्रास, ‘वडापावाची गाडी’ म्हणणारा माणूस बहुधा मराठीचा शिक्षक निघतो. लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं, म्हणून ती पावभाजी आणि तो वडापाव. ‘मिसळपाव खाल्ली’ म्हणणारेही भेटतात. नियम त्यांच्या विरुद्ध आहे, पण त्यांचं मन मिसळीत आहे, हे समजू शकतं.

इंग्रजी शब्द बेकरीत शिरले की भलतेच होऊन बाहेर पडतात. टोस्ट म्हणजे आपल्याकडे भाजलेला ब्रेड नव्हे, तर तो कडकडीत, चहात बुडवायचा. एक क्षण जास्त बुडवला की अर्धा तुटून कपाच्या तळाशी बसतो आणि मग चमच्यानं उपसावा लागतो. बटर म्हणजे लोणी नव्हे, तेही चहाबरोबर खायचं एक कोरडं, गोल, खुसखुशीत प्रकरण. लोणी हवं असेल तर इराण्याकडे जाऊन मस्का म्हणायचं: बनमस्का, नाहीतर ब्रूनमस्का. ब्रून हा कडक पाठीचा पाव. सुरी लावली की करकर वाजतो आणि टेबलभर चुरा होतो. लादी पावाचं उलटं. ते ताटात खेटून भाजले जातात, म्हणून वरखाली साल धरते आणि बाजू मऊ राहतात, तुटल्यावर धागे सुटतात तशा. फरशीची लादी आणि पावाची लादी शब्द एकच, दोन्हीत सपाट, चौकोनी, जुळवून मांडलेलं असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं.

गोव्यात पावाला ‘पाव’ एवढंच म्हणून भागत नाही. कोंडा लावलेली, आतून पोकळ ती पोय. कडक गोल तो उंडो. कातरीनं कापून फुलवलेला तो कातरो. बांगडीसारखं ते कांकण. हे सगळं सायकलवर घेऊन येणारा पोदेर, म्हणजे पोर्तुगीज ‘पादेइरु’, पाववाला. लक्षात घ्या, वाणांची नावं बहुतेक घरचीच आहेत, परका आहे तो पाव आणि तो आणणारा.

यीस्ट मिळत नसे तेव्हा गोव्यात पावाचं पीठ माडाच्या सुरेनं आंबवत. इथून सावरडोकडे जायला सोपं पडतं, कारण तोही पुडीतल्या यीस्टशिवायच फुगतो. आदल्या वेळच्या आंबलेल्या पिठातलं थोडं राखून ठेवायचं आणि पुढच्या पिठात घालायचं. हे म्हणजे सरळसरळ विरजण. पण विरजण म्हटलं की दही डोळ्यांपुढे येतं, म्हणून मी ‘खमीर’ सुचवेन. हा शब्द नवा घडवायची गरज नाही, मराठी बायबलात तो आहेच: ‘बेखमीर भाकर’. त्याच बायबलातली प्रार्थना ‘रोजची भाकर’ मागते, रोजचा पाव नाही, हे जाता जाता.

तेव्हा लिहिताना ‘खमिराचा पाव’ लिहा, वाचणाऱ्याला अडणार नाही. दुकानात मात्र सावरडोच म्हणा. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत मी एकदा मोठ्या उमेदीनं खमिराचा पाव मागितला होता. त्यानं ‘कालचा नाही साहेब, ताजा आहे’ म्हणत लादी पुढे केली.