अग्निशमन गाडी बनवणारी कंपनी विकली जातेय. नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यासाठी दिलेली ऑर्डर रद्द करावी का?

नुसती मालकी बदलतेय म्हणून ऑर्डर रद्द करू नका. खरा धोका कारखानाच बंद पडण्याचा असतो. जर्मनीची अग्निशमन गाड्यांची कंपनी झिग्लर 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली, 2013 मध्ये चीनच्या सीआयएमसीने ती घेतली आणि गाड्या बनतच राहिल्या. अमेरिकन लाफ्रान्स या अशाच कंपनीचं उलट झालं: 1995 मध्ये फ्रेटलायनर या ट्रक कंपनीकडे, 2005 मध्ये एका गुंतवणूक कंपनीकडे, 2008 मध्ये दिवाळखोरी आणि 2014 मध्ये थेट टाळं. इतकं जुनं नाव गेलं, याचं वाईट वाटतं.

अंबडला कारखान्याच्या फायर विभागात गाड्यांची देखभाल बघतो, त्यावरून सांगतो. तुमची गाडी टाटा किंवा अशोक लेलँडच्या चासीवर असेल तर इंजिन, ब्रेक, क्लचचं सामान नाशिकमध्येच मिळेल. अडतं ते पंप आणि पीटीओपाशी (इंजिनची ताकद पंपाला देणारा भाग). म्हणून ऑर्डरमध्येच पंपाचा मेक-मॉडेल लिहून घ्या, सील किट आणि वायरिंगचा नकाशा गाडीसोबत मागा, आणि बँक गॅरंटीशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. शिडीची गाडी असेल तर मात्र थांबा: तिचे हायड्रॉलिकचे भाग बहुतेक मूळ कंपनीकडूनच येतात, तिथे नव्या मालकाची लेखी सेवाहमी हवीच.